घाईतल्या माणसासाठी एक पोस्टर

पोस्टर वाचायला कोणी घराबाहेर पडत नाही. माणूस बाहेर पडतो तो ८.५७ची लोकल पकडायला, पोराला शाळेत सोडायला, मेडिकलमधून आईच्या गोळ्या आणायला. त्याची नजर भिंतीवर पडते ती जाता जाता, आणि टिकते फार तर तीन-चार सेकंद. पुस्तकाचा वाचक पुस्तक हातात घेऊन बसलेला असतो, नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. पोस्टरसमोरून जाणाऱ्याने कशालाच होकार दिलेला नसतो. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. वर्षभर त्याचं काम पाहतात ते शिक्षक, वर्गातली मुलं आणि शेवटी बाहेरून आलेले परीक्षक. ही सगळी मुद्दाम थांबून, जवळ जाऊन, चष्मा सावरून पाहणारी माणसं. ज्याच्यासाठी ते पोस्टर करायचं तो घाईतला माणूस त्या खोलीत कधीच नसतो. ज्या मुलाला किंवा मुलीला हा गैरहजर माणूस काम करताना सतत दिसत राहतो, त्यांचं काम प्रदर्शनाच्या भिंतीवर चटकन ओळखू येतं, असं मला विद्यार्थ्यांची प्रदर्शनं पाहताना वाटत आलं आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची वाट बऱ्याच जणांची शाळेतच सुरू होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांमध्ये वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखनही असतं. आठवी-नववीच्या पोराने पट्टी लावून आखलेली ती पहिली अक्षरं म्हणजे पुढच्या टायपोग्राफीची बाराखडी. मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांची पदवी. पहिलं वर्ष पायाभूत अभ्यासाचं, पुढची तीन उपयोजित कलेची. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि व्ही. एन. आडारकर यांनी तो वाढवला. १९५८ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली, तीच पुढे जे. जे. उपयोजित कला संस्था म्हणून ओळखली गेली. पुण्याचं अभिनव, कोल्हापूरचं कलानिकेतन, पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय अशा ठिकाणांहूनही मराठी आणि कोकणी बोलणारी मुलं या क्षेत्रात येत राहिली आहेत.

शेवटच्या वर्षाचा गाभा म्हणजे कॅम्पेन. एक विषय घ्यायचा, एखादं उत्पादन, सेवा किंवा सामाजिक प्रश्न, आणि त्याची जाहिरात मोहीम एकट्याने उभी करायची. त्यात वर्तमानपत्रातल्या जाहिराती, पोस्टर, होर्डिंग, दुकानातलं शोकार्ड, पॅकेजिंग, फिल्मचा स्टोरीबोर्ड आणि आता सोशल मीडियावरच्या पोस्ट. संगणक येण्याआधी हे सगळं हाताने होत असे. हाफ इम्पिरियल कागद, म्हणजे १५ बाय २२ इंच, त्यावर कॅमलच्या पोस्टर कलरचा एकसारखा सपाट लेप, रूलिंग पेनने ओढलेल्या कडा, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री माउंट बोर्ड कापताना होणारी धांदल. आज कटरची जागा बहुतांशी माउसने घेतली आहे. रात्र तीच आहे.

हातकाम कमी झालं म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. मला खटकतं ते दुसरंच. हल्ली फाइल तयार झाली की ती एका तयार मॉकअपमध्ये टाकली जाते. परदेशातला स्वच्छ बसस्टॉप, काचेची चौकट, तिरपं ऊन, आणि त्यात झळकणारं आपलं पोस्टर. दिसतं फार सुंदर. पण परळच्या किंवा ठाण्याच्या पुलावरच्या भिंतीला काचेची चौकट नसते. तिथे शेजारी क्लासची जाहिरात असते, वर वायरींचं जाळं असतं, खाली पानाच्या पिंका असतात आणि उजेड ट्यूबलाइटचा असतो, तोही अर्धा. पोस्टरला या गर्दीत टिकायचं असतं. मॉकअप ही गर्दीच पुसून टाकतो, आणि मग विद्यार्थ्याला आपलं पोस्टर कुठे कमी पडतं हे कळण्याची शेवटची संधीही निघून जाते. आपला फोन घेऊन खऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि त्यावर आपलं काम बसवून पाहावं, एवढं तर कुणालाही जमण्यासारखं आहे.

विषय निवडतानाही हेच होतं. मनातल्या मनात एखादा कॉफीचा ब्रँड काढायचा, त्याला इंग्रजी नाव द्यायचं, त्याचा लोगो, कप, पिशवी करायची. यात कौशल्य दिसतं, पण समोर कोणाची गरज उभी नसते. त्यापेक्षा आपल्या आजूबाजूचा, ज्याची माहिती मिळवता येते आणि ज्यात चूक झाली तर कळते, असा विषय घेतला तर वर्ष सार्थकी लागतं. एक विषय घेऊन हे शेवटपर्यंत पाहू.

मुंबईतला पावसाळा आणि लेप्टोस्पायरोसिस. आजाराचे जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि माणसाच्या त्वचेवरच्या जखमेतून, साध्या खरचटल्यातूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहर पाण्यात उभं राहिलं आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या आजाराची मोठी साथ आली. आता दर पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. म्हणजे सांगण्यासारखी, नेमकी आणि प्राण वाचवणारी गोष्ट हातात आहे. ती भिंतीवर कशी आणायची?

बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्या दिवशी उंदीर येतो. मोठा, काळा, दात विचकलेला. दुसऱ्या दिवशी कवटी येते, तिसऱ्या दिवशी 'स्वच्छता राखा, आजार टाळा'. यातलं काहीच खोटं नाही, पण पाहणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. उंदीर पाहून त्याच्या मनात कचरा येतो, कचरा म्हटलं की महापालिका येते, आणि आपल्या पायाचा विचार डोक्यात यायच्या आत तो पूल उतरून गेलेला असतो. इथे चांगला शिक्षक एकच प्रश्न विचारत राहतो: हे पाहून त्या माणसाने नेमकं काय करावं? उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. 'पाण्यातून आलात, पायाला जखम आहे, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा.' इतकंच. उंदीर गेला, कवटी गेली, स्वच्छता गेली. टाकून द्यायला लागलेल्या त्या सगळ्या कल्पना वाया गेल्या असं मुलांना वाटतं. पण त्या बाजूला सारल्याशिवाय हे वाक्य हाती येत नाही.

वाक्य मिळालं की चित्राचा शोध. पोस्टरच्या इतिहासात याची दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. स्वित्झर्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबसाठी योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी १९५३ साली रस्ता सुरक्षेचं एक पोस्टर केलं. एक मोटारसायकल अंगावर येईल इतकी प्रचंड, आणि तिच्यापुढे धावणारं एक लहान मूल. अपघात दाखवलेला नाही, रक्त नाही. दोन छायाचित्रांच्या आकारातला फरक तेवढा आहे, आणि तो पाहताच छातीत धस्स होतं. मजकूर फक्त मुलाला जपा असं सांगतो. दुसरं, जपानच्या शिगेओ फुकुदा यांचं १९७५चं. दुसरं महायुद्ध संपल्याला तीस वर्षं झाली त्या निमित्ताने केलेलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर तोफेची तिरपी काळी नळी आणि तिच्यातून सुटलेला गोळा, पण गोळ्याचं टोक नळीकडे वळलेलं. युद्ध उलटं मारणाऱ्यावरच येतं, हे सांगायला फुकुदांना एका वस्तूची फक्त दिशा बदलावी लागली. दोन्हींत वेगळं असं काहीच काढलेलं नाही. ओळखीच्या दोन गोष्टींमधलं नातं बदललं आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनाला ते बदललेलं नातं जुळवायला लागतं. तीन-चार सेकंदांत डोकं एवढंच काम करू शकतं, पण तेवढं केलं की चित्र लक्षात राहतं.

आपल्याकडे पोस्टरची सुरुवात सिनेमाच्या दाराशी झाली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार होते. त्यांच्या १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं. पुढे अनेक दशकं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये रंगवलेल्या चेहऱ्यांनी शहराच्या भिंती भरल्या. पण मराठी विद्यार्थ्याने जिथून सगळ्यात जास्त शिकावं ती जागा माझ्या मते वेगळी आहे. ती म्हणजे वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान.

त्या पानावर प्रत्येक नाटकाला मिळते ती एवढीशी चौकट. शेजारी दुसरं नाटक, वर तिसरं, खाली चौथं. चित्राला जागा जवळपास नसतेच. मग नाटकाचं नाव हेच चित्र. कमल शेडगे यांनी आयुष्यभर हे काम केलं. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'सारख्या नाटकांची शीर्षकं त्यांच्या अक्षरांतून लोकांच्या डोळ्यांत बसली. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर ताठ उभं राही, विनोदी नाटकाचं अक्षर घसरे, लोंबे, उडी मारी, आणि नाटकाची जात नाव वाचायच्या आत कळे. शेडगे २०२० साली गेले. त्यांची कात्रणं समोर ठेवून एक महिना नुसतं ट्रेस केलं तरी चालेल, असं मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगेन.

देवनागरीत पोस्टर करणं हे रोमन लिपीत करण्यापेक्षा वेगळं शास्त्र आहे, आणि आपल्या शिकवण्यात ते अजून पुरेसं आलेलं नाही. रोमनमध्ये मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची अक्षरं मिळतात, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं की आवाज आपोआप चढतो. आपल्याकडे ती सोय नाही. जोर आणायचा तर जाडी, आकार, रंग किंवा मोकळी जागा यांतूनच आणावा लागतो. रोमनमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षकाला श्रीमंत रूप देता येतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दाणे सांडल्यासारखा विखुरतो. सगळ्यात मोठा गुंता ओळींचा. वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची शेपटं. सॉफ्टवेअर आपसूक देतं ते ओळींमधलं अंतर रोमनच्या हिशेबाचं, साधारण अक्षराच्या मापाच्या १२० टक्के. 'वृद्धांसाठी' या ओळीखाली 'निर्णय' आला की वरच्या जोडाक्षराचं शेपूट खालच्या रफारावर टेकतं. अंतर वाढवलं तर शीर्षकाचे दोन तुकडे होतात. जुने अक्षरकार यावर हाताने तोड काढत. ओळ अशी तोडायची की वरचा उकार खालच्या ओळीतल्या मोकळ्या जागेत उतरेल. यासाठी कधी शब्दही बदलावा लागतो, आणि म्हणून पोस्टरचा मजकूर लिहिणारा आणि ते मांडणारा एकमेकांच्या शेजारी बसलेले बरे. विद्यार्थ्याच्या बाबतीत ते दोघे एकच असतात, हे त्याचं भाग्य.

पण हीच शिरोरेषा आपल्या लिपीची मोठी देणगीही आहे. आपली अक्षरं रेषेवर उभी नसतात, रेषेला लटकलेली असतात. लेप्टोच्या विषयाकडे परत येऊ. शिरोरेषा म्हणजे साचलेल्या पाण्याची पातळी, असं मानलं तर? मग 'पाणी' हा शब्द चालणार नाही, कारण त्याची वेलांटी पाण्याच्या वर डोकं काढते. पण 'जखम' पाहा. तीन अक्षरं, एकही मात्रा नाही, एकही वेलांटी नाही. पूर्ण शब्द रेषेखाली बुडालेला. शिरोरेषा पोस्टरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली, तिच्याखाली गढूळ तपकिरी रंग भरला, वर आभाळाचा रिकामा राखाडी पट्टा ठेवला, आणि त्या पाण्यात हे तीन अक्षरी शब्दचित्र पांढऱ्या रंगात. खाली लहान अक्षरांत, 'साचलेल्या पाण्यातून चाललात? ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा.' ना उंदीर, ना कवटी. पाय पाण्याखाली गेला की जखम दिसत नाही, ही गोष्ट लिपीनेच सांगितली. हे चित्र रोमन लिपीत होऊच शकलं नसतं, आणि इंग्रजी शीर्षकाचं मराठी भाषांतर करून पोस्टर बनवणाऱ्याला ते कधी सुचणारही नाही. म्हणून मराठीत विचार करून मराठी पोस्टर करावं, हा आग्रह मी सोडत नाही.

कल्पना मिळाल्यावर गणित येतं. ढोबळ नियम असा की अक्षराची उंची १ इंच असेल तर ते १० फुटांवरून सहज वाचता येतं. समोरच्या फलाटावरून, म्हणजे ३० फुटांवरून वाचायचं असेल तर ३ इंच हवेत. ए-२ आकाराच्या पोस्टरची रुंदी साडेसोळा इंच. 'जखम' ३ इंच उंचीत तिथे आरामात मावतो, थोडा आणखी मोठाही करता येतो. खालचं लांब वाक्य मात्र त्या मापात कधीच बसणार नाही. मग ठरवावं लागतं: लांबून फक्त एक शब्द आणि पाण्याची रेषा दिसेल, ती पाहून माणूस जवळ येईल, आणि चार-पाच फुटांवर वाक्य वाचेल. पोस्टरला अशी दोन अंतरं असतात आणि दोन्हींसाठी वेगळा मजकूर लागतो. शेवटच्या वर्षाच्या कामात सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच, की सगळा मजकूर मधल्या आकाराचा असतो. तो लांबून वाचता येत नाही आणि जवळून पकडून ठेवत नाही.

तपासायच्या युक्त्या साध्या आहेत. पोस्टर फोनवर टपाल तिकिटाएवढं करून पाहा. डोळे अर्धवट मिटून पाहा. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काळी-पांढरी प्रत काढा. रंग गेल्यावर शब्द आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेत विरघळत असतील, तर तपकिरी पाणी जास्त गडद करायची वेळ आली. रंगांच्या मोहात हा फरक पडद्यावर कळत नाही. वाचायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांना तर तो सगळ्यात आधी जाणवतो.

पुढे छपाई. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, कागदावरचे शाईचे. पडद्यावर झगमगणारा निळा किंवा पोपटी निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांत मंदावतोच, त्यामुळे काम सुरुवातीपासून छपाईच्या रंगांत केलेलं बरं. कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडायचा. बारीक मजकूर चारही शायांच्या मिश्रणातल्या काळ्यात ठेवला तर छपाईत शाया किंचित सरकल्या की अक्षरांना रंगीत झालर येते, म्हणून तो एकट्या काळ्यात. आणि गडद रंगातून पांढरं अक्षर काढायचं असेल तर ते एक पायरी जाड घ्यायचं. शाई कडांनी आत शिरते, आणि देवनागरीत आधी बुजतात त्या 'द्ध', 'क्ष', 'ष्ट' यांच्यातल्या बारीक फटी.

मराठी मुलांची एक खास डोकेदुखी इथे सांगायलाच हवी. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपी जुळवणारी सेटिंग चालू नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. घाईत कुणाच्या लक्षात येत नाही आणि मोठमोठ्या फ्लेक्सवर अशी मराठी शहरभर झळकते. विद्यार्थ्याच्या सबमिशनमध्ये ही चूक दिसली तर मार्क कापलेच पाहिजेत, कारण आपल्या भाषेची अक्षरओळख हा या कामाचा पाया आहे. प्रिंटरकडे फाइल देण्याआधी मजकूर बाह्यरेषेत बदलून घेतला की दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलण्याची भीती राहत नाही.

फॉन्ट मिळत नाहीत ही तक्रार आता चालण्यासारखी नाही. र. कृ. जोशी हे जे. जे.चे विद्यार्थी, पुढे जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे. विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले आहेत. अंगाने भरलेला 'मोदक' शीर्षकाला, सरळ स्वभावाचा 'मुक्त' खालच्या मजकुराला, अशा जोड्या करून पाहता येतात. बापूराव नाईक यांचा १९७१चा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा ग्रंथ ग्रंथालयात असेल तर त्यातली अक्षरांची चित्रं तरी चाळावीत. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांपासून पुढे मराठी छपाईने या लिपीशी किती झुंज घेतली ते त्यात दिसतं.

पोस्टर झालं की कॅम्पेन पूर्ण होत नाही, आणि मला वाटतं इथे विद्यार्थ्याची बुद्धी सगळ्यात मोकळी खेळते. हीच पाण्याची रेषा आणखी कुठे नेता येईल? मेडिकलवाला गोळ्या ज्या कागदी पाकिटात देतो त्यावर. पावसाळी चपला विकणाऱ्या दुकानाच्या खोक्यावर, अगदी आत पाऊल ठेवतात तिथे. रिक्षाच्या मागे, कारण तुंबलेल्या रस्त्यात मागचा माणूस त्या रिक्षाकडे अर्धा तास बघत बसलेला असतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, जिथे पाणी हळूहळू वर चढतं आणि शब्द बुडतो. प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळ्या अवस्थेत असतो. तीच चौकट लहान-मोठी करून सगळीकडे चिकटवणारं कॅम्पेन भिंतीवर नीटनेटकं दिसतं खरं, पण या माणसांपर्यंत पोहोचत नाही. भिंतींबाबत एक व्यवहाराची गोष्ट: परवानगीशिवाय पोस्टर लावणं महाराष्ट्रात १९९५च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यात बसतं. सोसायटीचा सूचनाफलक, दवाखाना, कॉलेजचं कॅन्टीन इथे विचारून लावलेलं पोस्टर अधिक दिवस टिकतं आणि त्यावर लोकांची मतंही मिळतात.

विद्यार्थ्यांचं काम वर्गातच राहतं हे खरं नाही. दूरदर्शनचं चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विकास सातवळेकर यांच्या वर्गातल्या अभ्यासातून आलं, देबाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या हातून. १५ जुलै २०१०ला सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह उदय कुमार यांनी केलं, तेव्हा ते मुंबईच्या आयआयटीत तमिळ लिपीवर संशोधन करत होते. त्या चिन्हातल्या वरच्या आडव्या रेषेत आपली शिरोरेषाच आहे.

शेवटच्या जुरीला बोर्डावर सगळं चकचकीत लागतं. पण त्याच्या शेजारी ठेवलेली कच्च्या कामाची वही परीक्षकांनी आधी उघडावी असं मला फार वाटतं. त्यात टाकलेले उंदीर हवेत, नाकारलेले शब्द हवेत, मापांची गणितं हवीत, झेरॉक्स हव्यात. आणि हवा खऱ्या भिंतीवरचा अनुभव. समजा, हे पोस्टर एखाद्या दवाखान्यात आठवडाभर लावलं आणि तिथल्या कंपाउंडरने सांगितलं की लोक विचारतात, 'कुठल्या डॉक्टरांना? पैसे लागतील का?' ही माहिती अभ्यासिकेत बसून मिळाली नसती. आता 'डॉक्टरांना भेटा'च्या जागी 'जवळच्या पालिका दवाखान्यात जा' घ्यावं लागेल. वाक्य लांबलं, दोन ओळींत गेलं, वरच्या ओळीतल्या उकारांशी खालच्या वेलांट्या भिडल्या, 'जखम' अर्ध्या इंचाने लहान करावा लागला आणि ३० फुटांचं गणित पुन्हा मांडावं लागलं. ही दुरुस्त आवृत्ती कदाचित पहिलीइतकी देखणी नसेल. तरी दोन्ही आवृत्त्या बोर्डावर शेजारी शेजारी लागाव्यात, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला दुसरीबद्दल बोलू द्यावं, आणि मार्क तिला द्यावेत.